चौथी चिमूट

दाजी मेस्त्रीने बाटली माझ्या हातात दिली नाही. भुशाने भरलेल्या बाकावर ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून कानस घासत बसला. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, लेबल खरवडून काढलेलं. आत करडे बारीक दाणे. मी ती उचलून उजेडात धरली.

"बगतंस काय? सोना नाय ता," दाजी म्हणाला. "खिशात घाल."

दाजी बंदुका दुरुस्त करायचा. आमच्याकडच्या चार गावांत शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका आहेत, आज्याच्या, पणज्याच्या वेळच्या. तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, वर शिसं, गजाने ठासायचं आणि मागे ठिणगी पाडणारी केप लावून घोडा ओढायचा. लाकडी दस्ता फुटला, घोडा ढिला झाला की ती दाजीकडे यायची. त्याच्याकडे कुणा मेलेल्या माणसाच्या कपाटातली नव्या बंदुकीची काडतुसं आली होती. ती फोडून त्याने ही दारू बाजूला काढली होती. धूर न होणारी. दुकानातल्या काळ्या दारूपेक्षा कितीतरी स्वस्त, कारण ती कुणालाच नको होती.

"एक आयक," तो म्हणाला. "ही ठासणीची नाय. ठासणीत घातलंस तर नळी तोंडार फुटतली. आणि फुटली तर ही बाटली माझी नाय."

"मगे देतास कित्याक?"

"तू मागलंस म्हणान."

मी बाटली खिशात घातली. हे नऊ वर्षांपूर्वीचं. मी बावीसचा होतो.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी बारावीनंतर कॉलेज सोडलं, मोबाईल दुरुस्ती व्हिडिओ बघून शिकलो, वायरिंग तसंच शिकलो, आणि ठासणीची दारूही तशीच वाचून काढली होती. पंधरा दिवस वाचत होतो. जगभरातली माणसं एकच गोष्ट लिहीत होती, की जुन्या ठासणीच्या बंदुकीत ही करडी दारू कधीच घालायची नाही. थोडीसुद्धा नाही. कधीच म्हणजे कधीच. मी ते वाचलं. आणि स्वतःला सांगितलं की ही माणसं अख्ख्या मापाबद्दल बोलतायत. मला फक्त एक चिमूट हवी होती.

चिमूट का, ते सांगतो.

आमची नाईकधुऱ्यांची पाच घरं. कार्तिकात भात पिकायला आलं की डुकरं उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कुणगा, भाताचा तुकडा, लोळवून टाकतात. कापणीच्या आधी एक दिवस ठरवून, वनखात्याचा पास काढून, सगळा गाव रान हाकतो. त्या दिवसाचा पहिला बार आमच्या बंदुकीचा. वरच्या मळ्याच्या टोकाला राखणदार देवाची घुमटी आहे, तिथे उभं राहून समोरच्या दरडीत. तो बार नीट वाजला की मगच हाकारे रानात शिरतात.

बंदूक थोरल्या घरात, आतूकाकांकडे. त्यांचं नाव आत्माराम, पण सगळा गाव आतूकाकाच म्हणायचा. बार तेच उडवायचे. पण बंदूक एकट्याने भरायची नाही. काका आपल्या दारू ठेवायच्या शिंगातून एक माप नळीत घालायचे, ते थोरल्या घराचं. मग बाकीच्या चार घरांच्या कर्त्या पुरुषांनी एकेक चिमूट सोडायची. पाच बोटांची, मापात मावेल तेवढी नाही, हातात राहील तेवढी. आपापल्या घरून आणलेली. उसनी चालत नाही, मागून घेतलेली चालत नाही. मग त्याच बोटांनी कपाळाला टिळा. ज्याची चिमूट पडली त्याचं घर त्या वर्षी राखणीत. शिकारीत त्याचा वाटा, आणि देवळात मानाच्या मांडावर बसायला त्याला जागा.

बाबा गेले त्याच्या आदल्या कार्तिकात त्यांनी घातलेली चिमूट शेवटची. पुढच्या वर्षी मी गेलो. माळ्यावरच्या पत्र्याच्या डबीत त्यांची दारू उरली होती, तीच घेऊन. तिला पाणी लागलंय हे मला कळलं नव्हतं. माझी चिमूट सगळ्यात शेवटी पडली, कारण मी सगळ्यात लहान. काकांनी घोडा ओढला आणि नळीतून फुस्स झालं. कुकरची शिट्टी नीट न बसल्यावर वाफ जाते तसं. शिसं चार पावलांवर पडलं. हाकारे हसले. गावचे मानकरी गावकार हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

एका चिमटीने अख्खा बार फुकट जात नाही. त्या वर्षी सगळ्यांचीच दारू दमट होती, पाऊस लांबला होता. पण नळीत शेवटचा हात माझा होता.

"दिग्यान चायची पावडर घातल्यान," उल्हास म्हणाला. दिग्या म्हणजे मी. उल्हास माझा चुलतभाऊ, सहा आसनी रिक्षा चालवायचा आणि रिक्षात बसेल त्याला हे सांगायचा. वर्षभर मला गावात चायपावडर म्हणायचे. माझ्या टपरीवर मोबाईल दुरुस्तीला आणतानासुद्धा. चायपावडर, ह्येचो डिस्प्ले गेलो बघ.

ते मी सोसलं असतं. पण गावकारांनी बैठकीत ठरवलं की पुढच्या वर्षी बार पुन्हा फुसका गेला तर पहिल्या बाराचा मान नाईकधुऱ्यांकडून काढून दुसऱ्या भावकीला, राऊळांना द्यायचा. आणि आमच्या भावकीत बोलणं झालं की ज्या घराची दारू धड नाही त्याने चिमूट घालू नये, गपचूप मागे उभं राहावं. ज्या घराची चिमूट नाही ते घर गावात नसल्यासारखंच. आई वर्षभर देवळात गेली ती बायकांच्या मागे, खांबाला टेकून. मला काही म्हणाली नाही. नवरात्र संपल्यावर एकदाच म्हणाली, "औंदा चांगली हाड. मागान हाडू नको."

चांगली आणायची म्हणजे तालुक्याच्या दुकानातली, लायसनवाली. ती डबाच घ्यावा लागतो, सुटी मिळत नाही, आणि परवाना माझ्या नावावर नव्हता. काकांना घेऊन जावं लागलं असतं, म्हणजे मागूनच झालं. डब्याचा भाव ऐकून मी दुकानातून नुसताच बाहेर आलो. मग पलीकडच्या गावात पालखीपुढे दारूकाम करणारं एक घर होतं, तिथे गेलो. त्यांच्यावर नुकतीच धाड पडली होती. म्हाताऱ्याने मडक्याच्या तळातली मूठभर दिली. घरी येऊन दगडावर ठेवून काडी लावली. ओल्या लाकडासारखी धुमसत राहिली. तीच पुन्हा चायपावडर.

मग दाजी.

त्याची करडी दारू मी त्याच दगडावर ठेवली, चार दाणे. काडी लावली आणि ते नाहीसे झाले. धूर नाही, राख नाही. दगडावर डागसुद्धा नाही. मी दगडावरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मला तेव्हा आनंद झाला होता. खरंच सांगतो.

पुढची गोष्ट मी नीट सांगतो, कारण तीच पोलिसांना सांगितली नाही.

पारधीच्या आधी आठ दिवस उल्हास टपरीवर आला. संध्याकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर. मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, चार्जिंग होत नाय. चार्जिंग होत होतं. मग तो बसला. रिक्षाचे हप्ते, टायर, असं काहीबाही बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "तुझ्याकडे काय गावला काय रे? तू मोबाईलात बगतंस सगळा." ज्याने वर्षभर मला चायपावडर म्हटलं त्याच्या घरातही चिमूटभर दारू नव्हती. मी त्याला कागदाच्या पुडीत थोडी दिली. देताना मला फार बरं वाटलं. तो उठताना म्हणाला, कोणाक सांगू नको.

चार दिवसांनी पांडूदादा आला. तोही चुलतभाऊ, काजूची बाग करणारा, फार न बोलणारा. त्याने मोबाईलचं नाटक केलं नाही. नुसता उभा राहिला आणि विचारलं, "परवडणारी काय आसा?" त्यालाही पुडी दिली. त्यालाही सांगितलं की एकच चिमूट, जास्त नको. तोही म्हणाला, सांगू नको.

उल्हासला पांडूदादाचं माहीत नव्हतं. पांडूदादाला उल्हासचं माहीत नव्हतं. मला दोघांचं माहीत होतं, आणि माझं. एक चिमूट चालेल हे मी ठरवलं होतं. तिघांच्या मिळून तीन होतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पारधीच्या आधी दोन दिवस अंघोळ करताना ते डोक्यात आलं. मी डोक्यावर पाणी ओतलं आणि बाहेर आलो.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. भात पिवळं होऊन वाकलं होतं. खालच्या चार कुणग्यांत डुकरं लोळून गेली होती, तिथे चटई अंथरल्यासारखं दिसत होतं. घुमटीपुढे पन्नासेक माणसं. हाकाऱ्यांच्या हातात डबे आणि काठ्या. राऊळांचे सगळे पुरुष आले होते, दर वर्षी दोन-तीनच यायचे. त्यांनी आपली बंदूकही पुसून आणली होती. सगळ्यांनी ती बघितली.

गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं. आतूकाका पुढे आले. तेव्हा ते साठीला आले होते, सडपातळ, उंच, मान जरा पुढे काढून चालायचे. त्यांनी बंदूक उभी धरली, दस्ता पायाच्या अंगठ्यावर. शिंगाचं बूच दाताने काढलं, माप भरलं, नळीत ओतलं. कपाळाला टिळा लावला. काळाभोर.

मग नाना, दुसऱ्या घरचे. त्यांच्या मुलाच्या नावावर परवाना होता, त्याने दुकानातून डबा आणला होता, त्यांची चिमूट सगळ्यांना दिसेल अशी पडली. टिळा काळा.

मग उल्हास. त्याने मूठ नळीच्या तोंडावर नेली, बोटं सोडली, आणि कपाळाला हात लावला. मी त्याच्या कपाळाकडे बघितलं. काही नव्हतं. घामाची रेघ फक्त.

तेव्हा मला दगड आठवला.

काळी दारू बोटांना काजळासारखी लागते. करडी लागत नाही. हे मी घरी बघितलं होतं आणि तरीही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उल्हासने पुन्हा एकदा बोटं कपाळावर घासली, जोरात. मग मागे सरला आणि टॉवेलने तोंड पुसायला लागला, घाम पुसतोय असं दाखवत.

पांडूदादा. त्याचंही तसंच. त्याने एकदाच हात लावला आणि खाली बघत बाजूला झाला.

मी पुढे गेलो. काका माझ्याकडे बघत होते. नाकात बंदुकीच्या तेलाचा वास, आणि खाली नळीचं तोंड, एक रुपयाच्या नाण्याएवढं. त्या क्षणी मी मूठ बंद ठेवू शकत होतो. नुसतं म्हणायचं होतं, काका, रिकामी करा, पुन्हा भरूया. तीन घरं गावासमोर उघडी पडली असती. राऊळांची बंदूक तिथेच होती, पुसलेली. आई खाली आमच्या कुणग्याच्या बांधावर उभी होती, तिचा पदर दिसत होता.

मी बोटं सोडली.

कपाळाला हात लावला. काकांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग उल्हासच्या. मग पांडूदादाच्या. हळूहळू, एकेकाच्या. त्यांचा चेहरा बदलला, रागावल्यासारखा नाही. कसा ते मला तेव्हा कळलं नाही.

मग ते वळले. पाठ आमच्याकडे, तोंड घुमटीकडे. थोडा वेळ तसेच उभे होते. त्यांची कोपरं हलत होती. देवाला काहीतरी सांगत असतील असं सगळ्यांना वाटलं, मलाही. मग वळून काथ्याचा बोळा घातला, शिसं घातलं, गजाने ठासलं.

दर वर्षी ठासल्यावर गज नळीच्या वर चार बोटं राहायचा. मी लहानपणापासून बघत आलोय, बाबांच्या खांद्यावर बसून बघितलंय. त्या दिवशी सहा बोटं होता.

हाकाऱ्यांतला एक म्हातारा बोललाच. "आतू, गज वर दिसता मां."

"औंदा देवाक भूक जास्त," काका म्हणाले. माणसं हसली. मीही हसलो.

मग ते म्हणाले, मागे सरा. ते दर वर्षी म्हणायचे. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, डावा हात नळीखाली पुढे नेला, केप लावली. मी हे सगळं बघत होतो आणि माझी जीभ तोंडात होती. लोक विचारतील, तेव्हा काय वाटत होतं. मला वाटत होतं, वाजू दे. एवढंच. चांगला वाजू दे.

तो बारासारखा वाजला नाही. पत्रा फाडल्यासारखा वाजला. आणि दरडीत काही गेलंच नाही.

धूर सरला तेव्हा काका उभेच होते. दस्ता अजून खांद्याला होता. नळी मधूनच केळीच्या सोपटासारखी उलगडली होती. ते डाव्या हाताकडे बघत होते, आणि तिथे हात नव्हता. मनगटाच्या खाली जे होतं ते मी लिहिणार नाही. डाव्या डोळ्यातून गालावर काहीतरी ओघळत होतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वाजलो काय रे?"

मग खाली बसले.

उल्हासने शर्ट काढून हात बांधला. आम्ही तिघांनी त्यांना मळ्यातून उचलून खाली आणलं, उल्हास, पांडूदादा आणि मी, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. उल्हासच्याच रिक्षातून आधी तालुक्याला, तिथून गाडीने गोव्याला मोठ्या इस्पितळात. रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. उल्हास आरशातून मागे बघायचा, आणि माझी नजर भेटली की पुढे बघायचा. त्या दिवसापासून त्या दारूविषयी आम्ही आजवर बोललेलो नाही. पांडूदादाही नाही.

हात मनगटापासून गेला. डोळा गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला, फुटलेली नळी कापडात गुंडाळून घेऊन गेले. घरोघर विचारलं. नानांनी डब्याची पावती दाखवली. उल्हास म्हणाला, घरात जुनी काळी दारू होती. पांडूदादा म्हणाला, घरात जुनी काळी दारू होती. मी म्हणालो, घरात जुनी काळी दारू होती, बाबांच्या वेळची. एकाच फौजदाराने तिन्ही जबाब घेतले. त्याला ते एकसारखे वाटले असतील तर तो बोलला नाही. कारण तोवर त्याच्याकडे काकांचा जबाब होता. इस्पितळातल्या खाटेवरून काकांनी सांगितलं होतं की चूक माझी, दारू माझ्या हातून जास्त पडली, कोणाचो दोष नाय.

मी ते ऐकलं आणि समजलो की काकांना सगळं कळलंय. कपाळं बघून कळलंय. ते आम्हाला वाचवतायत.

दोन महिने मी तेच धरून बसलो. बाटली विहिरीपलीकडच्या खड्ड्यात पुरली. जेवायला बसलो की डावा हात ताटाखाली जायचा आपोआप. आई म्हणायची, काका तुझी आठवण काढतात, जा एकदा. शेवटी पौषात गेलो. जाताना ठरवलं होतं की पाय धरायचे आणि सगळं सांगायचं. दाजी, बाटली, पुड्या, उल्हास, पांडूदादा. कुणाचं नाव मागे ठेवायचं नाही.

ते पडवीत बसले होते, उन्हात. डोळ्यावर पट्टी. उजव्या हाताने सुपारी कातरायचा प्रयत्न करत होते, अडकित्ता गुडघ्यात धरून. जमत नव्हतं. मी अडकित्ता घेतला आणि कातरून दिली.

"बस," ते म्हणाले. "जेवलंस?"

मी हो म्हटलं. मग माझ्या तोंडातून निघालं, काका, त्या दिवशीचा सांगूचा होता. त्यांनी हात वर केला. थांब म्हणून.

"आधी माका सांगूक दी," ते म्हणाले. "कोणाक बोललंय नाय मिया. घरात पण नाय."

ते खालच्या आवाजात बोलले, सुपारी गालात धरून.

"मी तुमची कपाळां बगलंय. उल्हासचा कोरा. पांडूचा कोरा. तुझा कोरा. दारू पडली असती तर बोटां काळी झाली असती. माका कळला, तुमच्या मुठी रिकाम्यो. घरात नाय ती खयसून हाडतलास? नुसते हात दाखवन गेलास." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माका राग नाय इलो. माका वायट वाटला. आणि राऊळ थय उभे. बार परत फुसको गेलो असतो. म्हणान तुमच्या तीन चिमटी मी माझ्या शिंगातसून घातलंय. देवाकडे तोंड करून, कोणाक दिसाक नको म्हणान. घाईत पडली जास्त. अख्खा माप पडला असतला आणिक एक. एवढ्यान फुटूची नाय नळी. पण जुनी होती."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कोपरं हलत होती ती ह्यासाठी. गज सहा बोटं वर होता तो ह्यासाठी. त्यांना करडी दारू म्हणून काही असतं हेच माहीत नव्हतं. त्यांच्या जगात दारू काळी असते, आणि बोट स्वच्छ असेल तर माणसाचा हात रिकामा असतो.

"चूक माझीच," ते म्हणाले. "पण एक गोष्ट मनात रवली. रात्रभर तीच येता. माझो डोळो चुकलो तर नाय मां? तुमी खरीच दारू घातली असतास आणि मी वर घातलंय, तर मी उगाच हात घालवलंय. तूच खरा सांग. तुझी मूठ रिकामी होती मां?"

एक डोळा होता त्यांना. तो माझ्यावर होता.

मी म्हटलं, "होय काका. रिकामी होती."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. म्हणाले, बरा झाला, म्हणजे नजर ठीक होती माझी. मग त्यांनी वर खुंटीकडे बोट केलं. तिथे शिंग लटकत होतं, दारूचं. पोलिसांनी बंदूक नेली, परवाना गेला, शिंगाचं कुणी विचारलंच नव्हतं.

"ता काढ. तू घे," ते म्हणाले. "मान राऊळांकडे गेलो तरी चिमूट प्रत्येक घराची पडता. पुढच्या कार्तिकात रिकामी मूठ घेवन जाव नको. लाजान मरतलंस. आयेक पण सांगू नको खयसून इली ती."

मी उठून शिंग काढलं. बूच ढिलं होतं, बोटांना दारू लागली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत काळी झाली. मी पँटला पुसायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं, उरलेल्या हाताने, आणि माझंच बोट माझ्या कपाळाला लावलं. दाबून.

"आता लागलो टिळो," ते म्हणाले.

काका त्यानंतर चार वर्षं जगले. मी दर आठवड्याला जाऊन त्यांची सुपारी कातरून द्यायचो.

त्या दिवशी मी शिंग शर्टाखाली लपवून मळ्यातून घरी आलो. आई चुलीपुढे होती. कपाळाला काय लागलंय म्हणाली. मी विहिरीवर जाऊन धुतलं, मग साबण लावून धुतलं, मग नारळाच्या सोडणाने घासलं. ती लगेच जात नाही, काळी दारू.